न आलेलं वादळ

न्हावऱ्याच्या अंजनाबाईंचा राग गावाला नवा नाही. रेशनच्या दुकानात मापात पाप दिसलं की दुकानदाराची सात पिढ्यांची खबर घ्यायची, आणि थांब्यावर एसटी न थांबता गेली तर पुढच्या फाट्यापर्यंत ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत चालायचं, हा त्यांचा शिरस्ता. नवरा लवकर गेला. लोकांच्या उसात खुरपून त्यांनी दोन पोरी शिकवल्या, नांदायला लावल्या. त्यानंतर बाई निवांत बसेल असं गावाला वाटलं होतं. बाईनं बचत गटातल्या आणखी दोघींना हाताशी धरलं, खंडानं जमीन घेतली, सरकारी योजनेतून पॉलीहाऊस उभं केलं आणि आत जरबेऱ्याची फुलं लावली. त्या दोघी म्हणजे त्यांच्याच वयाच्या अनसाबाई, आणि बारावी झालेली, मोबाईल हातातून न सोडणारी शेजारची सून धनश्री.

पॉलीहाऊस म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं जाड प्लास्टिक. या प्लास्टिकला आमच्याकडे सगळे पेपर म्हणतात. पाऊस, ऊन, गारवा हे सगळं त्याला झेपतं, पण मोठ्या वादळाशी त्याचं जमत नाही. वारा आत शिरला की पेपर छत्रीसारखा फुगतो आणि जाताना सांगाड्याचे पाईपही पिळून नेतो. म्हणून वादळाची चाहूल लागली की पेपर उतरवायचा. खाचेत बसवलेल्या स्प्रिंगा एकेक करून काढायच्या, पेपर खाली घ्यायचा, घडी घालून ठेवायचा. हे काम वारा पडलेला असतानाच होतं आणि त्याला आख्खा दिवस लागतो. एकदा वारा सुटला की पेपर हाताला लागत नाही. मग विळ्यानं फाडायचा, म्हणजे निदान सांगाडा तरी वाचतो.

दिवाळी तोंडावर आली होती, जरबेऱ्याला कळ्याच कळ्या लागल्या होत्या, आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. अंजनाबाईंची भाची रश्मी, मांडवगण फराट्याची, पुण्यात हवामानाच्या कामावर आहे. रविवारी सकाळी तिचाच फोन आला.

"जय भीम, आत्या. वादळ तयार व्हायला लागलंय. तुमच्या पेपरचं काय ते बघा."

"इकडं येतंय का, तेवढं सांग."

"तसं एका शब्दात न्हाई सांगता येत. सूप कसं असतं, मागं अरुंद आन् पुढं पसरट? वादळाची वाट तशी असती. आज ते कुठं हाय हे पक्कं म्हाईत असतं, पुढं कुठं जाईल ते पसरत जातं. बहुतेक उत्तरेकडं वळंल. पण आपला भाग सुपाच्या कडंला हाय, भाईर न्हाई."

"आन् जोर?"

"समुद्र गरम हाय, म्हंजी जोर धरंल. पण वरून आडवं वारं आलं तर त्याची मुंडी उडंल. ते परवापर्यंत कळंल. तवर थांबलात तर उशीर व्हईल, आत्या. मी असते तर आजच उतरवला असता."

अंजनाबाई चिडल्या. बहुतेक, कदाचित, तर! एवढं शिकून पोरगी धड हो म्हणेना की नाही म्हणेना. पण पोरगी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या तडक पॉलीहाऊसवर गेल्या आणि दोघींना म्हणाल्या, "आज पेपर उतरवायचा."

धनश्रीनं मोबाईल पुढं केला. पडद्यावर खुटबावचा रविराज होता. हा बागायतदार गडी व्हिडिओ टाकून हवामान सांगतो, आणि शिरूर-दौंडात लोक त्याला सर म्हणतात. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, मागं नकाशा. नकाशावर वादळाची एकच लाल रेघ काढलेली, थेट गुजरातेत गेलेली. "शेतकरी बांधवांनो, लिहून ठेवा. घाट ओलांडून वादळ आपल्याकडं येत न्हाई. पेपर उतरवून पिकाचं वाटोळं करू नका. गॅरंटी माझी!"

"बघा," धनश्री म्हणाली. "सर छातीठोक सांगत्यात. तुमची रश्मी नुसतं बहुतेक म्हणती."

अनसाबाईंना दोन्ही पटलं, म्हणजे काहीच पटलं नाही. पेपर काढला तर पावसानं फुलं जाणार, ठेवला तर सांगाडा जाणार. तिघींचा सबंध रविवार तोंडातोंडी करण्यात गेला. अंजनाबाई एकट्याच शिडीवर चढल्या, तेव्हा धनश्रीनं खालून शिडी धरायला चक्क नकार दिला. सोमवारही तसाच गेला. वारा पडलेला होता, आभाळ निवळ होतं, आणि असं आभाळ माणसाला फसवतं.

मंगळवारी सकाळी वारा सुटला. पेपर फडफडायला लागला, पाईप कुरकुरायला लागले, आणि एका कोपऱ्यातली स्प्रिंग उडून अनसाबाईंच्या कानाजवळून गेली. तेव्हा कुठं त्या ओरडल्या, "अंजना, फाड गं! सांगाडा गेला तर परत कोण उभा करतंय!" अंजनाबाईंनी विळा घेतला आणि पेपर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला. धनश्री रडत होती, पण दुसरा विळा तिच्याच हातात होता.

आणि वादळ आलंच नाही. समुद्रातच वळलं आणि उत्तरेला गेलं. आमच्या वाट्याला त्याच्या कडेचा वारा आला आणि मागून झोडपणारा पाऊस. उघड्यावर पडलेला जरबेरा भिजला, झाडांच्या गाभ्यात पाणी साठलं आणि ती बुडापासून कुजली. सांगाडा मात्र ताठ उभा, जसा काही आपला त्या भानगडीशी संबंधच नाही.

गावाला आयतं कोलीत मिळालं. चौकात लोक विचारायचे, "काय अंजनाबाई, वादळ कुठपर्यंत आलं?" रविराजनं तर नवा व्हिडिओ टाकला. त्यात फाटक्या पेपरचा फोटो होता, आणि वर म्हणे, ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे हे हाल बघा. अंजनाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. अनसाबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. धनश्री म्हणाली, "आता तरी सरांचं ऐकू. पुढच्या पिकाला त्यांचाच सल्ला घेऊ. न्हाईतर मी गटातून निघते." गट मोडला तर उरलेल्या सांगाड्याला गंज चढणार होता. अंजनाबाई दात-ओठ खात कबूल झाल्या, आणि तिघी टेम्पोत बसून पारगावचा पूल ओलांडून खुटबावला गेल्या.

रविराजच्या वस्तीवर त्याचंही पॉलीहाऊस होतं. दोन परप्रांतीय कामगार त्यावर पेपर चढवत होते. पेपर जुनाच, पण कुठं चीर नाही, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या.

अंजनाबाईंनी त्यातल्या एकाला विचारलं, "ये कब उतारा था?"

"संडे को, मौसी. सर ने सुबह ही बोला, तूफान का भरोसा नहीं, हवा आने से पहले उतार लो. फूलों पर बारिश की मार न पड़े, इसलिए ऊपर जाली भी बांधी थी."

रविवारी सकाळी. आणि लिहून ठेवा म्हणणारा तो व्हिडिओही त्याच सकाळचा.

रविराज हसत बाहेर आला. "या या, चहा घ्या."

"चहा घाला चुलीत!" अंजनाबाईंचा आवाज वस्तीभर गेला. "आमाला गॅरंटी दिली आन् स्वतःचा पेपर घडी घालून ठिवला?"

त्यानं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "मावशी, स्वतःच्या मालाची काळजी घेणं गुन्हा हाय का? आन् लोकांना कदाचित म्हणलं की लोक दुसऱ्याचा व्हिडिओ लावत्यात. लोकांना ठाम पायजे. शेवटी माझंच खरं झालं ना? वादळ आलं का? तुमच्या भाचीनं तरी कुठं पक्कं सांगितलं हुतं?"

"न्हाई सांगितलं. तिला म्हाईत नव्हतं, ती म्हाईत न्हाई म्हणली. तुमाला बी म्हाईत नव्हतं, म्हणून तर तुमी पेपर उतरवला. आमच्याकडं बी रविवार हुता, रविराज. वारा पडल्याला हुता. आमी बी घडी घातली असती आन् वरून जाळी बांधली असती, पेपर बी वाचला असता आन् झाडं बी. तो रविवार तुमी खाल्ला."

रविराज कामगारांकडं बघायला लागला. आता धनश्री पुढं आली. तिनं मोबाईल पिशवीत टाकला होता, आणि तिचा आवाज अंजनाबाईंपेक्षाही चढला होता.

"मी शिडी धरली न्हाई, सर," ती म्हणाली. "ही बाई वर चढली हुती आन् मी तुमच्यापायी शिडी धरली न्हाई."