रोजचं माहेर

अण्णा मोघे उन्हाळ्यात रोज दुपारी आपल्या बायकोला माहेरी पोचवायला निघत. डोक्याला काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. आणि एक पाऊल मागे, पदर घट्ट लपेटून, काखेत बोचकं मारून काकू. पुढच्या दाराला कडी घालून दोघं वडाळे तळ्याच्या बाजूला जात. तळ्याला वळसा घालून, मागच्या बोळातून, तासाभराने ती त्याच घराच्या परसदारी येत. तिथे काकूंचं माहेर असे.

लग्न होऊन मी पनवेलला आले तो माझा पहिला उन्हाळा. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडची, मला तो खाडीकाठचा घाम सोसत नव्हता, आणि सासूबाईंनी "कुरडया-पापड उरकले की बघू" असं म्हणून माझं स्वतःचं माहेर पुढे ढकललं होतं. त्यामुळे माझी जीभ त्या दिवसांत जरा जास्तच तिखट झाली होती. खिडकीतून हे शेजारचं जोडपं भर उन्हात चाललेलं पाहिलं तेव्हा मी म्हटलं, ह्या वयातली ही फिरायची हौस म्हणजे कमाल आहे. सासूबाई चीक ढवळत होत्या. त्यांनी मान वर न करता मला परसात जाऊन उभं राहायला सांगितलं.

आमचं आणि अण्णांचं परस एकच होतं, मधे सामाईक विहीर. अण्णा काकूंना घेऊन आले, त्यांना धुण्याच्या दगडावर शेवग्याच्या सावलीत बसवलं, "मी आत वर्दी देतो" म्हणाले आणि बोळातून पुढच्या अंगाला गेले. थोड्या वेळाने परसदार आतून उघडलं. कोट नाही, टोपी नाही, खांद्यावर उपरणं, एका हातात तांब्या आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा, असे अण्णाच बाहेर आले आणि म्हणाले, "आलीस, वेणू? उन्हाची आलीस गं." काकू उठल्या आणि "दादा" म्हणून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. सासरहून आलेली कुठलीही मुलगी रडते तशाच. अण्णांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा कसाबसा उलटासुलटा ओवाळला आणि भिरकावला तो नेमका विहिरीत. मी हसले. खरंच हसले, कारण मला अजून काही कळलं नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी. सकाळी अण्णा टोपी घालून आमच्याकडे आले. माझ्याकडे न बघता सासूबाईंना त्यांनी विचारलं, की सूनबाई दुपारच्या घटकाभर मोकळ्या असतात का. भाकरतुकडा बाईमाणसाने ओवाळायचा असतो, आणि काल ती म्हणाली, वहिनी कुठे गेली? एवढं सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "असेल मोकळी." अशी मी, लग्नाला वर्ष न झालेली पोर, सत्तरीच्या बाईची वहिनी झाले.

काकूंचं सासरचं नाव उमा, माहेरचं वेणू. मी यायच्या चारपाच वर्षं आधी त्यांना विसर पडू लागला. आधी आमटीत मीठ दोनदा पडू लागलं, मग चूल पेटवलेली विसरू लागल्या, मग मुलाचं नाव. बाकी वर्षभर त्या घरात मुकाट असत. पण चैत्र लागला, परसातली कैरी दिसू लागली, की त्यांना माहेर आठवे. पेणकडचं ते घर विकून जमाना झाला होता आणि दादाही कधीच वारला होता. हे त्यांना एकदा सांगून पाहिलं तर त्यांनी नव्याने सुतक धरलं, दोन दिवस पाणी घेतलं नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोचकं बांधलं. तेव्हापासून अण्णांनी खरं सांगणं सोडून दिलं.

अण्णा मीठखात्यात इन्स्पेक्टर होते. खाडीकाठची सगळी मिठागरं त्यांच्या पायाखालची. करंजाड्याची हिराबाय आमच्याकडे भाजी घालायची, तिची उमर आगरावर मीठ ओढण्यात गेलेली. ती सांगायची, "सायेब लय कडक. पन आमी उन्हात तर सायेब पन उन्हात. सावलीला बसलेला कदी बगला नाय." मिठाचा हंगाम म्हणजे उन्हाळा, आणि हंगामात इन्स्पेक्टरला रजा नसे. त्यामुळे दर वर्षी काकू माहेरी जायच्या त्या शिपायाबरोबर आणि परत यायच्या त्या दादाबरोबर. अण्णा कधी पोचवायला गेले नाहीत, कधी आणायला गेले नाहीत. "सबंध नोकरीत एकदाही गेलो नाही," ते मला म्हणाले होते, "आता पेन्शनीत रोज जातो. सरकारकडे रजा शिल्लक होती, ती अशी भोगतोय."

असं काहीतरी ते बोलत आणि मग ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते समजत नसे. मी एकदा विचारलं, की काकू सकाळी परत सासरी कशा येतात? सकाळी तर त्या नेमाने उमा असत, चहाला आधण ठेवत. अण्णा म्हणाले, "झोप आणून सोडते. परतीचा टांगा लागत नाही, तेवढीच बचत."

गावातल्या इतर पेन्शनरांचा उन्हाळा मजेत चाले. तळ्याच्या काठी पार होता, तिथे सकाळ-संध्याकाळ त्यांची बैठक. एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाची, बाकीचे सरकारला नावं ठेवत, तपकिरीची डबी फिरे, कुणाच्या घरचा आंबा चांगला निघाला ह्याची चर्चा होई. दुपारी जेवून प्रत्येक जण ओटीवर सतरंजी टाकून घोरत पडे. अण्णा तिथून जायचे तेव्हा पारावरचे हटकून हाक मारत, "मोघे, बसा की घटकाभर." अण्णा छत्री किंचित वर करत आणि म्हणत, "हंगाम चालू आहे." हा त्यांचा ठरलेला शब्द. छपराची कौलं शाकारायची का, डोळे तपासून घ्यायचे का, मुंबईला मुलाकडे जायचं का, काहीही विचारा, अण्णा म्हणणार, "हंगाम संपू दे, मग बघू." पाऊस लागला की काकूंचं माहेर आपोआप थांबायचं. पावसाळ्यात मुलीबाळी सासरी परतलेल्या असतात, एवढा हिशेब त्यांच्या डोक्यात कुठेतरी शाबूत होता.

अण्णा दुपारी झोपत नसत ह्याला कारण होतं. मी यायच्या आदल्या उन्हाळ्यात एकदा त्यांचा डोळा लागला आणि काकू एकट्याच निघाल्या. तिन्हीसांजेला त्या बंदराच्या पलीकडे सापडल्या, खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतलेल्या, भरती चढत आलेली. आगरावरच्या लोकांनी उचलून आणलं. मुंबईहून मुलगा आला, मधू. गिरणीच्या ऑफिसात कारकून, परळला एक खोली, तीन मुलं, बायको पोटुशी. त्याने कुठल्याशा डॉक्टरला विचारून ठेवलं होतं. तो बापाला म्हणाला, की पुन्हा असं झालं तर मी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवीन, मला दुसरा इलाज नाही. मधूला कुणी वाईट म्हणू लागलं तर अण्णाच त्याची बाजू घेत. त्याचं काही चुकत नाही, म्हणत, त्या खोलीत पाटसुद्धा आडवा मांडता येत नाही. पण त्या दिवसापासून ते दुपारी काकूंच्या पदराचं टोक मांडीखाली घेऊन बसू लागले.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात अण्णा थकले. पाय सुजत, तळ्याचा वळसा घेताना दोनदा थांबावं लागे, परसात येईपर्यंत ओठ काळसर पडत. डॉक्टरांनी उन्हात जायची सक्त मनाई केली. मी म्हटलं, ऊन उतरल्यावर निघा. ते म्हणाले, माहेरी जाणारी बाई दिवस मावळायला निघते का? मग म्हटलं, तळं राहू द्या, पुढच्या दाराने निघून सरळ बोळातून मागे या. ते त्यांनी एक दिवस करून पाहिलं. काकू दगडावर बसायलाच तयार होईनात, हे आपलं घर नव्हे म्हणून बोळ धरून निघाल्या. "चालल्याशिवाय तिला पोचल्यासारखं वाटत नाही," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी काकू आत निजल्यावर ते विहिरीपाशी बराच वेळ बसून होते. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, सांगता येत नाही. "बायका सवाष्ण जायचं मागतात. हिला तेही मागायचं आठवत नाही. म्हणून हिच्या वतीने मीच मागतो. मला हिच्यामागे फक्त एक दिवस राहायचंय, सूनबाई. एक दिवस मागे राहिलो तरी पुरे." मला त्यांचा इतका राग आला. देवाचाही आला, आणि पारावर तपकीर ओढणाऱ्या त्या सगळ्या धडधाकट म्हाताऱ्यांचाही आला. मी कपडे घेऊन आत गेले.

मृग जवळ आला होता. आभाळ भरून यायचं आणि न पडताच जायचं, उकाडा सोसेना. त्या दुपारी अण्णांनी नेहमीसारखं काकूंना दगडावर बसवलं, मला मानेने खूण केली आणि वर्दी द्यायला गेले. मी तांब्या आणि तुकडा घेऊन दाराशी उभी. दार उघडेना. काकूंच्या डोक्यावरची सावली सरकली, ऊन तोंडावर आलं, तरी दार उघडेना. मी कडी वाजवली तशी काकूंनी माझा हात धरला. "दादा निजला असेल," त्या म्हणाल्या. "दमतो हो तो. नको उठवूस."

मी त्यांना तसंच उन्हात सोडून बोळातून धावले. पुढचं दार उघडं होतं. अण्णा माजघरात पडले होते. कोटाची एक बाही काढून झाली होती, दुसरी अंगातच होती.

गल्लीतल्या बायका जमल्या. काकूंना परसातून आत आणलं. त्या अण्णांपाशी बसल्या आणि दादा, दादा करून रडल्या. एका म्हातारीने रीतीप्रमाणे त्यांच्या कपाळाकडे हात नेला. काकूंनी तो हात अलगद बाजूला केला आणि म्हणाल्या, "अहो, भाऊ गेलाय माझा. माझं कुंकू कशाला पुसता?" माझ्या सासूबाई म्हणजे सोवळ्याओवळ्यात तसूभर इकडेतिकडे न होऊ देणारी बाई. त्या म्हणाल्या, "राहू दे. हात लावू नका तिला." आणि कुणी हात लावला नाही.

तेरा दिवस मधू तिथेच होता. त्या दिवसांत काकू सकाळीही वेणूच असत. तो काकूंच्या समोर फारसा येत नसे, आला तर काकू परपुरुष म्हणून पदर सारखा करत. मी त्याला म्हटलं, मी बघेन त्यांच्याकडे, राहू द्या इथेच. मी मनापासून म्हटलं, पण मी तेव्हा दिवसांत होते आणि ते माझ्याकडे बघून कुणालाही दिसत होतं. मधू म्हणाला, "वहिनी, अण्णा होते म्हणून जमलं."

निघायच्या सकाळी तो बापासारखाच बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून परसात आला. काकू दगडावर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या एकदम उभ्या राहिल्या. चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आलात?" त्या म्हणाल्या. मग मला हळूच, "बघ गं वहिनी, स्वतः आले न्यायला. रजा मिळाली वाटतं." मधू माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मिळाली हो."

सासरी निघालेल्या माहेरवाशिणीची ओटी भरतात, विधवेची भरत नाहीत. मी सासूबाईंकडे पाहिलं तर त्या आधीच तांदूळ आणि नारळ घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. मी ओटी भरली. तांदूळ परसभर सांडले. काकूंनी मला जवळ घेऊन रडू नकोस म्हटलं, मी काय परमुलखात चाललेय का, म्हणाल्या.

टांगा पुढच्या दाराशी होता. मधूने ठेवलं त्या वेड्यांच्या इस्पितळात काकूंनी दिवाळीसुद्धा पाहिली नाही, हे आम्हाला पुढे कळलं. त्या सकाळी मात्र त्या नव्या नवरीसारख्या अंग चोरून टांग्यात बसल्या, बोचकं मांडीवर घेतलं आणि खाली उभ्या असलेल्या मधूला विचारलं, "पुढल्या उन्हाळ्यात पाठवाल ना?"

"पाठवीन," मधू म्हणाला.

"शिपायाबरोबर नको," काकू म्हणाल्या. "तुम्ही पोचवायला या. एकदा तरी या."