सत्तावीस बाटल्यांचा मुलूख

पाणी तपासणाऱ्या बाईंनी एकोणीस वर्षांत आपल्या मुलखातली एकही विहीर पाहिली नव्हती. गरजच पडली नव्हती. नमुने गोळा करणारे काका दर सोमवारी सत्तावीस बाटल्या टेबलावर मांडत आणि बाई त्यांचे आकडे तक्त्यात भरत, मग विहिरींजवळच्या घरांना निकालाच्या चिठ्ठ्या जात. चौदा नंबरचं पाणी जड, सहा नंबरमध्ये लोह, तेवीस नंबर नाव ठेवायला जागा न देणारं. बाईंना नातेवाइकांपेक्षा विहिरींचे स्वभाव जास्त ठाऊक आहेत, असं त्यांचा नवरा म्हणे. ते खरं होतं.

एका सोमवारी सत्तावीसही बाटल्यांचं पाणी सारखंच निघालं. बाईंनी यंत्र पुसून पुन्हा तपासलं. पुढच्या सोमवारीही तेच. चौदा नंबरसारखी हट्टी विहीर अशी एकाएकी सुधारेल, हे काही बाईंना पटेना.

काकांनी आधी हवेला दोष दिला. मग खुर्ची ओढून बसले आणि सुजलेला गुडघा दाखवला. चढ चढवत नव्हता, म्हणून दोन आठवडे सगळ्या बाटल्या ते बहिणीच्या नळावर भरत होते.

"बहिणीचं पाणी चांगलं आहे, बाई."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या.

बाईंनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी काकांकडून लेखी खुलासा घेतला आणि आता नमुने कोण आणणार, असं विचारून बाईंकडे बघत बसले. वाटा एकट्या काकांनाच ठाऊक, म्हणून काकांना स्कूटरवर मागे बसवून बाई निघाल्या.

चौदा नंबर चुनखडीच्या खाणीशेजारी होती. जडपणाचं कारण पायाखालीच पांढरंशुभ्र पसरलेलं. सहा नंबरच्या टेकडीची माती इतकी तांबडी, की बाईंच्या चपला कायमच्या रंगल्या. तेवीस नंबर ही विहीर नव्हतीच. दाट झाडीखाली खडकातून झिरपणारा तो झरा होता. बाईंनी ओंजळभर पाणी न तपासता पिऊन टाकलं. एकोणीस वर्षांत असं प्रथमच घडलं. त्यांना काही झालं नाही.

अकरा नंबरच्या वरच्या अंगाला मात्र नवा गोठा उभा राहिला होता आणि शेणाचं पाणी थेट विहिरीकडे उतरत होतं. नमुना वाईट निघाला. दुसऱ्या दिवशी विहीर बंद करायला दोघं गेली, तेव्हा शेजारच्या घरातली बाळंतीण तान्हं मूल छातीशी धरून बाहेर आली.

"परवाच तर चांगलं म्हणून चिठ्ठी आली होती," ती म्हणाली.

"ते पाणी इथलं नव्हतं," बाई म्हणाल्या. काकांनी हातोडी मागून घेतली आणि फळी स्वतः ठोकली.

चार महिन्यांनी नमुने आणायला नवा माणूस आला. बाईंनी त्याला प्रयोगशाळेतलं यंत्र शिकवलं आणि बाटल्यांची पिशवी स्वतःकडेच ठेवली. तक्त्यात त्यांनी एक रकाना वाढवला. त्यात बेडूक आहेत की नाहीत, शेवाळ कोणत्या रंगाचं, वरच्या अंगाला कुणी काय बांधतंय, हे त्या लिहू लागल्या.

बेडूक कोणत्या नियमात बसतात, असं साहेबांनी विचारलं.

"आकडे बिघडायच्या आधी ते निघून जातात," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. मग सही केली आणि त्यांच्या स्वतःच्या घरामागच्या ओढ्यात पूर्वी बेडूक असायचे, असं म्हणाले. बाईंनी ओढा कुठे आहे ते विचारून घेतलं आणि पिशवीत अठ्ठाविसावी बाटली टाकली.