देवाचं म्हटलं की

भुजंगरावांच्या तोंडून 'देवाचं' हा शब्द निघाला, की त्या वस्तूला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. पारावरचा लिंब देवाचा, मळ्यातली विहीर देवाची. सोय मात्र दरवेळी भुजंगरावांचीच व्हायची! नातू झाला तेव्हा त्यांनी एक वळू देवाला सोडला. त्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, हुसकायचंसुद्धा नाही.

शेजारी कांताबाईचं वीस गुंठे सोयाबीन. नवरा वारलेला, लेक पायलचं कॉलेज तेवढ्या रानावर चाललेलं. वळू रोज तिथंच चरायचा, कारण भुजंगरावांच्या कपाशीला तारेचं कुंपण होतं. देवाच्या जनावरालाही तार टोचते म्हणायची.

एक दिवस कांताबाईनं त्याला काठी हाणली. भुजंगरावांनी तिला चौकात, चहाच्या टपरीपुढं बोलावलं आणि वळूच्या खुरांपुढं नाक घासायला लावलं. तिच्या घरात बुद्धाची तसबीर. हा देव तिचा नव्हताच. पायल बघत होती. टपरीवरच्या एकानंही हातातला कप खाली ठेवला नाही.

"त्यो देवाचाय. समजलं का न्हाई?"

"समजलं, मालक."

पुढच्या पावसाळ्यात वळू बिथरला आणि कांताबाईच्या बांधावरच त्यानं भुजंगरावांना आडवं पाडलं. ती खुरपं-काठी घेऊन जवळच उभी होती.

"कांते, हाण की! जल्दी हाण!"

तिनं काठी उचलली. हात सहज पोचत होता. मग तिला ते खूर आठवले.

"देवाचाय मालक. हात कसा लावू?"

खुबा मोडेस्तोवर ती बघत राहिली. खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

भुजंगराव आता खाटेवर. आपल्याच वळूनं तुडवलं असं ते कसं म्हणतील? येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझी सेवा चुकली, देवानं शिक्षा दिली. कांताबी म्हनली, देवाचाय, हात कसा लावू." झालं, वळू जागृत ठरला! आधी निदान कुणी लांबून हाकारा तरी घालायचं. आता बाया त्याला हळदी-कुंकू लावतात आणि तो सोयाबीनमध्ये बिनधास्त उभा असतो.

कांताबाई चौकात गेली, हात जोडून म्हणाली, "माझं रान वाचवा."

"तूच म्हनली ना बाई, देवाचाय म्हणून?" टपरीवाला म्हणाला. सगळे हसले.

यंदा तिनं पेरलंच नाही. पायल कॉलेज सोडून कापूस वेचायला जाते, भुजंगरावांच्या तारेच्या आत.