झाड नसलेली जागा

खाणीच्या परवानगीचा अहवाल एकच असतो, पण तो होईपर्यंत किश्श्यांची थप्पी लागते. अहवाल साहेब घेऊन जातात, थप्पी आपल्याजवळ राहते. मी बीएस्सी अर्धवट सोडलेला, म्हणून माझ्याजवळ जरा जास्तच!

सालेकशाकडे, आमच्या गावाजवळ, जमिनीखालची खाण होणार होती. नागपूरच्या सल्लागार साहेबांनी मला 'फील्ड असिस्टंट' केलं. म्हणजे बाटल्या भरणारा आणि झाडं मोजणारा.

*

बाबांच्या थोरल्या भावानं, म्हणजे मोठेबाबांनी, चौकातच अडवलं. "खाण जमिनीखाली, मंग तू वर काय मोजून राहिला बे?"

मी ऐटीत समजावलं, "खाली हवा जायला वरून मोठं भोक पाडा लागते, रस्ता लागते. वरचं जे बिघडते, त्याची परवानगी."

"बिघडवाचीबी परवानगी राहते? तुले कॉलेजात टाकताना तुह्या बापानं घेतली होती का?"

*

सरपंचांच्या विहिरीचं पाणी तपासायचं होतं. काकूंनी बाटली घासली, पाणी उकळलं, गाळलं, तुरटी फिरवली आणि मग भरून दिली. "नागपूरले जाऊन राहिलं. घाण पाठवू का?"

मी, सायन्सचा विद्यार्थी, थँक्यू म्हणून निघालो.

लॅबमधून फोन आला, "हे कुठल्या कंपनीचं पाणी आहे?"

*

गावातला आवाज मोजायचं यंत्र शाळेजवळ लावलं, त्याच दिवशी चुलतभावाची वरात. यंत्र सोडून मी डीजेपुढे!

आकडे पाहून साहेब म्हणाले, "खाण आली तर तुमचं गाव शांत होईल रे!"

*

जनसुनावणी. महिनाभर पारावर बसून खाणीला शिव्या घालणारे सगळे म्हातारे इस्त्रीचे शर्ट घालून हजर. एकानं माईकवर एसटीचा थांबा मागितला. दुसऱ्यानं मांडवाचं आणि नाश्त्याचं कौतुक केलं.

मग माझे बाबा उठले. मला वाटलं, मायच्या मोहाच्या झाडाचं विचारतील. ते जंगलखात्याच्या जमिनीवर, खाणीच्या हद्दीत. पण त्याची फुलं-फळं वेचायचा हक्क मायचाच, हे सारं गाव मानते. आमच्या घरात तिच्या एकटीचं असं तेवढंच.

बाबांनी माईक धरला. "आलुबोंडे उरले का?"

*

झाडं मोजायला मी एकटाच. ज्या झाडावर नंबर, ते तोडायच्या यादीत जाऊ शकते. मायच्या मोहाला मी नंबरच टाकला नाही. जिंदगीत पहिल्यांदा डोकं चालवलं! मायलाही सांगून टाकलं, "तुह्या झाडाले आता कोणी हात लावत नाही."

आठवड्यानं साहेबांनी पाठ थोपटली. "शाबास! तुझ्या यादीत झाड नसलेला एक तुकडा सापडला. हवेचं भोक तिथंच हलवलं."

"साहेब, तिथं मोह आहे."

"यादीत आहे?"

"नाही."

"यादी कोणी केली?"

*

जंगलखात्याचे साहेब जागा पाहायला आले. रणरणतं ऊन. मोहाखाली माय पडलेली फळं वेचत होती. भोक कुठं पडणार, हे मी तिला सकाळीच सांगितलं होतं.

साहेब खोडाला टेकून बसले, मांडीवर कागद घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "सदर जागेवर एकही झाड नाही."

टप्पकन एक फळ कागदावर पडलं. साहेबांनी रुमालानं डाग पुसला आणि पेन उघडला.

माय टोपली घेऊन जवळ आली.

"साहेब, जरा इकडं सरका. तिकडं ऊन येऊन राहिलं."