अप्पांचा तळाचा नंबर

काशिनाथअप्पा माणसाचं तोंड आधी बघत नसत, पोटरी बघत. स्टोअरच्या दारात नवा माणूस उभा राहिला की ते खुर्चीतून उठायचे, वाकायचे आणि बैलबाजारात पाय तपासावा तशी त्याची पोटरी दाबायचे. मी साखर कारखान्यात कारकून म्हणून लागलो त्या दिवशी माझीही दाबली. नेमणुकीचा कागद वाचायच्या आधीच माझा निकाल लागला. "ह्यो लिहायच्याच कामाचा हाय," ते शिपायाला म्हणाले. "कबड्डीत ह्याला गुण मांडायला बसवा. पळायची पाळी आली तर पाटी घिऊन पळल." पुढची काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली स्टोअरमध्ये काढली आणि मैदानाच्या कडेला बसून संघाचे गुण पाटीवर मांडले. बहुतेक ते समोरच्यांचेच असत.

अप्पांचं घराणं व्यापाऱ्यांचं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, धोतर कायम परीटघडीचं. घरचं तेल-गुळाचं दुकान वाटणीत थोरल्या भावाकडे गेलं आणि अप्पा स्टोअरकीपर झाले, पण दुकानदारी अंगातून गेली नाही. स्टोअरचा नियम होता की जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही. हा नियम सगळ्याच कारखान्यांत असतो, पण अप्पांनी त्याचा धर्म केला होता. "मेलेलं आणून दाखीव, मंग जित्तं देतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा बॉयलरवरच्या एका कामगाराच्या डाव्या बुटाचा तळ निघाला. त्यानं नवे बूट मागितले. अप्पांनी दोन्ही बूट उलटेपालटे करून पाहिले आणि नव्या जोडातला फक्त डावा काढून त्याच्या हातात दिला. "उजवा जित्ता हाय की बे अजून. त्याला कावून मारतूस?" तो माणूस पुढे किती तरी महिने एक नवा आणि एक जुना बूट घालून फिरत होता. आम्ही हसायचो. अप्पांच्या दुष्टपणाला हसण्याची आम्हाला सवयच लागली होती, कारण ते आपल्यावर येईपर्यंत फार मजेशीर वाटायचं.

आमच्या चेअरमनसाहेबांना कबड्डीचं भयंकर वेड. गाळप हंगाम संपला, ऊस टाकायची गव्हाण थंड झाली की साखरेच्या गोदामामागच्या मैदानात कारखान्यातल्या सहा विभागांची स्पर्धा व्हायची. तिचे दोन रिवाज साहेबांनी स्वतः घालून दिले होते. पहिल्या चारांत येणाऱ्या संघांतल्या हंगामी कामगारांपैकी काही जणांना ते शेवटच्या दिवशी ट्रॉलीवर उभं राहून नाव पुकारून कायम करायचे. आणि जो संघ सगळ्यांत तळाला जाईल त्याला, त्या वर्षी खेळाडू म्हणून भरती केलेल्या नव्या गड्यांतला पहिला गडी निवडायचा मान मिळायचा. "ज्याचं छप्पर गळतं त्याला पत्रा आधी," असं साहेब म्हणायचे. रिवाज दयेचा होता. दयेतूनही नफा काढता येतो, हे फक्त अप्पांना कळलं.

स्टोअरचा संघ अप्पांचा. ते कधी खेळले नव्हते, पण शिव्या देण्यासाठी खेळता यावंच लागतं असं नाही. कुणाचं बोट मोडलं तर म्हणायचे, "एकच मोडलं ना? नऊ शिल्लक हायेत, रडतूस कावून?" कुणी चांगली पकड केली तर तोंड फिरवून विडीवाल्याशी गप्पा मारायचे. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलं नाही, ना खेळाडूचं, ना साहेबांचं, ना देवाचं. "माल चांगला म्हणलं की भाव चढतो," हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

संघात खरा गडी एकच होता, आमचा कप्तान हणमंता. वय तिशीच्या पुढे, चढाईला गेला की अंगणात वारं शिरल्यासारखं व्हायचं, पण डावा गुडघा कामातून चाललेला. इतकी वर्षं राबून तो हंगामीच राहिला होता. हंगाम संपला की घरी, पुढचा सुरू झाला की बोलावणं आलं तर काम. त्याच्या सासऱ्यानं बायको-मुलीला नांदूरघाटला नेऊन ठेवलं होतं आणि साफ सांगितलं होतं की कायम हो, कारखान्याची खोली घे, मगच लेक पाठवतो. हणमंताला चारांत यायचं होतं ते एवढ्यासाठी. त्याला करंडकाशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या वर्षी चकलांब्याच्या अंगदची सगळीकडे हवा होती. नारायणगडाच्या जत्रेत त्याचा खेळ आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि साहेबांनी त्याला भरतीत घेतलंही होतं. अप्पा एका रविवारी चकलांब्याला गेले. आधी अर्थात पोटरी दाबली. मग अंगदच्या बापाचा हात हातात घेऊन वर रुमाल टाकला आणि बैलाचा सौदा करतात तशी रुमालाखाली बोटं दाबून ठरवून आले, की पोरगं स्टोअरलाच यायचं, दुसऱ्या कुठल्या विभागाच्या नादाला लागायचं नाही, आणि अप्पा त्याला सावलीतलं काम देतील. रुमालाखालचा शब्द अप्पांच्या घराण्यात आजवर कुणी मोडला नव्हता. आता फक्त तळाला जायचं बाकी होतं.

तक्ता असा गुंतला होता की साखळीतला शेवटचा सामना जिंकला तर आम्ही चौथे, हरलो तर सहावे. आदल्या दिवशी अप्पांनी सगळ्या संघाला बारदानाच्या खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात सुतळीच्या गठ्ठ्यावर बसलो होतो.

"उद्या हरायचं," अप्पा म्हणाले. "चौथ्याला काय मिळतं? पुढच्या फेरीत पयल्याचा मार. तळाच्याला अंगद मिळतो. बाजार पडला की माल भरावा."

दत्तू म्हणून एक बचावपटू होता, तो म्हणाला, "लोकं तोंडात शेण घालतेल, अप्पा."

"घालू दे. शेणाला बी गिऱ्हाईक हाय."

हणमंता डावा गुडघा चोळत होता. मग म्हणाला, "अप्पा, माझं काय? चौघांत आलो तर साहेब औंदा माझं नाव घेतेत. मागच्या आठवड्यात नांदूरघाटला जाऊन सांगून आलतो म्या. सासरा उद्या मॅच बघायला यायलाय, पोरीला घिऊन."

"तुझी बायको माहेरी हाय म्हणून माझ्या संघानं चौथं यायचं काय बे?" अप्पांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "औंदा जिंकलं तर एकटा तू कायम व्हशील. पुढच्या साली अंगद आला की पयला नंबर, मंग चार-पाच गडी कायम, त्यात तू. आता सांग, कोणता सौदा भारी?"

"पुढच्या सालापतोर गुडघा राहत न्हाई, अप्पा."

"मंग तर लईच बरं. मोडक्या गुडघ्यापायी आख्खा संघ कोण घालवतं? आन् हंगामाला कुणाला बोलवायचं ते ह्याच खोलीतून ठरतं, ध्यानात ठिव."

हणमंतानं मान डोलावली. खरी पंचाईत ही होती की हिशेब बरोबर होता. बाकीच्या पोरांना तो पटला, मलाही पटला. एका माणसाचं नुकसान आणि सहा जणांचा फायदा, कुणीही मांडून पाहावा. ज्याचं नुकसान तो समोर बसला होता, एवढीच त्यात अडचण.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती माणूस मावत नव्हता. हणमंताचा सासरा मध्यरेषेजवळ उभा होता आणि खांद्यावर नात, पिवळ्या झग्यातली. पहिल्या डावात हणमंतानं ठरल्याप्रमाणे सगळं केलं. दम सोडला, रेषेबाहेर पाय टाकला, समोरच्या उत्पादन विभागाच्या गड्यांच्या मिठीत स्वतःहून गेला. लोक म्हणायला लागले, म्हातारा झाला. अप्पा खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. दुसऱ्या डावात एक क्षण असा आला की सगळेच गप्प झाले होते, आणि त्या शांततेत पोरीनं आजोबाला विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. "आज्या, बाबा सारखे कावून पडायलेत?"

हणमंतानं तिच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या चढाईला तो गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ठरलेलं मोडलंय. त्यानं आत शिरून दोघांना मारलं, परतताना अंगावर आलेल्या तिसऱ्याला वरून ओलांडलं आणि चौथ्याला नुसता अंगठा लावून परत आला. अशी चढाई मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. लोक वेडे झाले. आमची पोरंही हिशेब विसरून पकडी करायला लागली. सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो आणि शेवटची चढाई हणमंताची होती. तो आत गेला, दोघांना शिवून वळला. मध्यरेषा ओलांडली की जिंकलो.

अप्पा उठले. चहा सांगावा इतक्या साध्या आवाजात समोरच्या संघातल्या कोपऱ्यातल्या गड्याला म्हणाले, "डावा गुडघा धर रे त्याचा. डाव्यात दम न्हाई."

तो गडी बुजून मागे सरलेला होता. अप्पांचं ऐकून तो झेपावला आणि त्यानं डाव्या गुडघ्याला विळखा घालून पीळ दिला. आवाज माझ्यापर्यंत आला. हणमंताचा हात रेषेपासून वीतभर अलीकडे राहिला. सगळं मैदान त्याच्याकडे धावलं, आणि अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघत काय बसलास? गुण मांड." मी मांडला.

सासरा मैदानात आला, त्यानं जावयाचा पाय पाहिला. पोर रडत होती, तिला तसंच उचलून तो सडकेवर गेला आणि काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून निघून गेला.

निवडीच्या दिवशी अप्पांनी हणमंताला प्लॅस्टरसकट बोलावून घेतलं आणि साहेबांसमोर बाकावर बसवलं. "साहेब," ते म्हणाले, "नियमानं मेलेलं आणून दाखवलंय. आता जित्तं द्या." साहेब पोट धरून हसले. सगळे हसले. हणमंताही कसनुसा हसला, आणि त्याच्या हसण्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला. अंगद स्टोअरला मिळाला. अप्पांनी बापाला दिलेला शब्द पाळला, सावलीतलं काम दिलं. हणमंताला शब्द दिला होता तो रुमालाखाली दिला नव्हता. हंगाम सुरू झाला तेव्हा त्याला बोलावणं गेलं नाही. "पाय सरळ झाला की ये म्हणावं," एवढा निरोप गेला.

पुढची स्पर्धा झालीच नाही. निवडणुकीत साहेबांचं पॅनल पडलं. नव्या मंडळानं शहरातून टायवाला कार्यकारी संचालक आणला. आता बाजार खुला झालाय, कारखाना म्हणजे तालीम नव्हे, असं त्यानं पहिल्याच सभेत सांगितलं. खेळाडू भरती बंद, कायम करणं बंद, जमेल ते सगळं कंत्राटावर. मैदानावर उसाच्या भुशाचा डोंगर उभा राहिला. अंगद कंत्राटदाराकडे पोती उचलायला लागला आणि सहा महिन्यांत कंटाळून पुण्याकडे कंपनीत गेला. स्टोअरसाठी त्यानं एकही चढाई केली नाही. अप्पांच्या हातातही स्वेच्छानिवृत्तीचा कागद दिला, त्यातली स्वेच्छा त्यांची नव्हती. मी त्यांना मुद्दाम विचारलं, आता कसं? म्हणाले, "माल भरला आन् बाजारच उठला. ह्यात माझी काय चूक?" त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शेवटी अप्पांना अर्धांगवायू झाला. भावाच्या दुकानामागच्या खोलीत तेलाच्या डब्यांशेजारी त्यांची बाज होती. मी भेटायला गेलो ते मायेनं की त्यांची अवस्था बघायला, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. शेजारी बसून मी सरळच विचारलं, "अप्पा, हणमंताचं कधी वाईट वाटतं का?"

ते आढ्याकडे बघत राहिले. जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते. "ती चढाई... चौघांना मारून आलता ती. लई देखणी होती. तवाच कळलं मला, अंगदची गरजच न्हाई. गडी आपल्या घरात हाय."

"मग तरीही गुडघा धरायला सांगितलात?"

"ठरलं होतं ना," अप्पा म्हणाले, आणि पाणी मागितलं.

महिन्याभरात ते गेले. त्यांच्यात रीत आहे तसं बसवून, विभूती लावून, बेलाची पानं टाकून त्यांना माती दिली. माणसं थोडीच होती. त्यात हणमंता आला होता, नांदूरघाटहून नव्हे, केजहून. तिथल्या जिनिंगच्या फाटकावर तो राखणीला बसत असे. सासऱ्यानं काडीमोड घेऊन आपल्या लेकीचं लग्न दुसरीकडे लावून दिलं होतं आणि नात तिच्या आईबरोबर गेली होती. पाय ओढत तो खड्ड्यापर्यंत गेला, मूठभर माती टाकली, मग माझ्याजवळ येऊन बसला.

"तुमी गेलते म्हणं भेटायला," तो म्हणाला. "माझ्याबद्दल काय बोलले का अप्पा?"

मला त्याची चीड आली. त्यानं एकदा तरी अप्पांना शिवी द्यावी, निदान आता तरी, म्हणून मी काहीही न गाळता सांगितलं. चढाईचं सांगितलं, गडी घरातच आहे हे तेव्हाच कळल्याचं सांगितलं, आणि कळूनही मग गुडघा धरायला सांगितला तेही सांगितलं. दात-ओठ खात सांगितलं.

हणमंता खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "देखणी म्हणले?"

"हो."

"परत सांगा बरं," तो म्हणाला. "कसं म्हणले?"