आईने गॅस फुंकून विझवला

मंडळी, घाईघाईत लिहितोय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून दुपारी थेरगावला घरी आलो. दार उघडलं तर गॅसचा भपकारा. सवयीने हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि बोटभर अलीकडे थांबला. ठिणगी उडाली असती तर आम्ही दोघंही गेलो असतो.

सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. आई ओट्याजवळ स्टुलावर शांत बसलेली. शेगडीवर चहाचं पातेलं, बटण पूर्ण चालू आणि खाली जाळ नाही. तिला धरून गॅलरीत आणलं.

"आई, गॅस विझला कसा?"

"मी फुकला. घासलेट वाया जातंय. माझी आय वरडंल."

माझी आई ऐंशीच्या पुढची. तिचं माहेर मारुंजीचं. पन्नासच्या दशकात, ती परकरी पोर असताना, तिथे वीज नव्हती. घासलेटची चिमणी फुंकली की झोपायचं. आज दुपारी ती त्याच घरात होती.

संध्याकाळी तिला शेगडीपुढे उभं केलं. तिने बटण बरोबर फिरवून गॅस बंद केला.

"येड्या, येवढं न्हाई व्हय येत मला?"

येतं तिला. भीती त्याचीच वाटते.

उद्या परत फर्स्ट शिफ्ट आहे आणि घरात ती एकटीच असणार. तुम्ही म्हातारं माणूस एकटं ठेवून कामावर कसं जाता? मी सिलेंडर बंद करून जाईन. पण उद्या दुपारी ती कुठल्या वर्षात असेल, ते मला चाकणला बसून कसं कळणार?