जामीन कोण राहणार

लग्नकार्यात अजूनही एखादी नातेवाईक बाई माझ्याकडे बघत शेजारणीच्या कानात सांगते, ही सरकारच्या पैशांवर इंजिनीअर झाली. कानात सांगते, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. झाले, मग? चोरी केली नाही. घेतलेलं कर्ज हप्त्याहप्त्यानं फेडलं. ज्यांच्या घरात कर्ज घ्यायची पाळीच आली नाही, त्यांच्याकडून मला शहाणपण शिकायचं नाही.

गोवा राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मये गावातल्या आमच्या वस्तीतून, वाड्यावरून, इंजिनीअरिंगला नंबर लागलेली मी पहिलीच मुलगी. कॉलेज फोंड्याकडे, रोज जाऊन येणं जमण्यातलं नव्हतं, म्हणजे हॉस्टेल आलं. बाबांचं उत्पन्न भाताचं आणि थोड्या काजूचं. शिष्यवृत्ती मिळाली, पण ती फीपुरती. ती परत करायची नसते, म्हणून लोक तिला दान समजतात. मी मार्क मिळवून ती घेतली होती. हॉस्टेल, खानावळ, पुस्तकं आणि ड्रॉइंगचं सामान यांसाठी सरकारचं बिनव्याजी कर्ज होतं, नोकरी लागल्यावर फेडायचं. इथवर सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते शेवटच्या अटीवर. दोन जामीनदार हवेत आणि त्यांच्या नावावर घर किंवा जमीन हवी.

बाबांना यात काही अवघड वाटलं नाही. सकाळी पाववाल्या पोदेराचे गोल उंडे चहात बुडवून खाताना त्यांनी शेजाऱ्यांकडे विषय काढला आणि सगळेच तयार झाले. आमच्या वाड्यावर कुणी जामीन मागितला तर नाही म्हणायची रीत नव्हती. हवे होते दोघे, निघाला अर्धा वाडा. इस्त्रीचे शर्ट घालून, वर्षानुवर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन सगळे तालुक्याला, डिचोलीला जाणाऱ्या बसमध्ये चढले. पिकनिकला निघाल्यासारखी थट्टा चालली होती आणि मला आतापासूनच इंजिनीअरीण म्हणून हाका मारत होते.

कचेरीतल्या कारकुनानं पावत्या चाळल्या. तुम्ही घरपट्टी भरता एवढंच यातून दिसतं, घर तुमचं आहे हे दिसत नाही, असं त्यानं सांगितलं आणि जमिनीचे उतारे मागितले. उतारे काढले. एकजात सगळ्यांवर नाव भाटकाराचं, म्हणजे जुन्या जमीनमालकाचं. तो पोर्तुगालला निघून गेला होता आणि मुक्तीनंतर त्याच्या जमिनी सरकारच्या ताब्यात गेल्या होत्या. आम्ही मात्र कसत राहिलो, घरं बांधत राहिलो, घरपट्टी भरत राहिलो. मयेत हे लहान पोरालाही माहीत होतं. पण पावती आहे म्हणजे घर आपलं, ही समजूत कुणाच्या डोक्यातून कधी गेली नव्हती. त्या टेबलापाशी ती गेली. परतीच्या बसमध्ये कुणी थट्टा केली नाही. सगळ्यांना वाटलं, मी रडेन. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

ही बातमी शेजारच्या गावापर्यंत गेली. तिथल्या एका माणसाचे खाणीवर ट्रक होते आणि जमीनही स्वतःच्या नावावर होती. तो आपणहून घरी आला. आपण सही करतो, भावालाही करायला लावतो, म्हणाला. पोरगी शिकली पाहिजे असंही दोनदा म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवून त्यानं मुद्दा काढला. रस्त्याकडेच्या आमच्या कुणग्यातून, म्हणजे भाताच्या खाचरातून, त्याला ट्रक न्यायला वाट हवी होती. बाबा काही बोलले नाहीत. नाही म्हणायचं असतं तर ते लगेच म्हणाले असते, एवढं मी त्यांना ओळखत होते.

तो गेल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक कुणगो गेलो म्हूण कितें जाता गे? तुजें शिक्षण पुरें जातलें."

"सही करुंक शेत आमचें न्हय, आनी वाट दिवंक मात आमचें?" मी म्हटलं. "ना बाबा. हांव घरा बसतलें, पूण ट्रकांक वाट दिवंची न्हय."

आई आतून ओरडली की बापाशी असं बोलतात का. बाबा जेवले. हात धुताना म्हणाले, उद्या त्याला नाही म्हणून सांगतो. त्यांनी सांगितलंही, आणि पुढे कितीतरी दिवस तो माणूस रस्त्यात भेटला की तोंड फिरवायचा. फिरवू दे.

घरी बसेन म्हणाले होते, पण बसायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी एकटीच पुन्हा डिचोलीला गेले आणि कारकुनाला टाळून थेट साहेबासमोर उभी राहिले. कर्ज नाकारता तर तसं लिहून द्या, म्हटलं. मयेतल्या माणसांना घरं नाहीत, फक्त घरपट्टी आहे, हेही त्यात लिहा. ते लिहायला साहेब तयार नव्हता. मग म्हणाला, सरकारी नोकरीत कायम असलेले दोघे पगारावर जामीन राहिले तरी चालतं. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाला, कुणी विचारलं नाही. त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

पहिली सही आमच्या सरकारी मराठी शाळेतल्या बाईंची. दुसऱ्या सहीसाठी त्यांनी मला आरोग्य केंद्रातल्या कंपाउंडरकडे पाठवलं. माझ्यासोबत त्या आल्या नाहीत. भाषेच्या आंदोलनात बाई मराठीच्या मोर्चात होत्या आणि तो कोकणीच्या, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायेन सही केल्या न्हय?" मी हो म्हटल्यावर म्हणाला, "मागीर म्हाका कितें विचारता?" आणि सही करून मोकळा झाला.

कारकुनानं बाईंना बजावलं की पोरीनं पैसे बुडवले तर तुमच्या पगारातून कापले जातील. बाई म्हणाल्या, "कापा. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. पगार तेवढा आहे. तो कुणासाठी पणाला लावायचा ते मी ठरवीन."

मी शिकले, सरकारी नोकरीत लागले, कायम झाले. त्यानंतर मयेतली मुलं माझ्याकडे सह्या घ्यायला येऊ लागली आणि मी देत गेले. एका मुलीनं कर्ज फेडलं नाही. लग्न करून कुठे गेली, पत्ता नाही. माझ्या पगारातून कापायला लागले आणि घरात रोज त्यावरून वाजायचं. नवरा चुकीचं बोलत नव्हता. आमची स्वतःची मुलं शिकत होती.

ती कपात चालू असतानाच सर्वण गावची एक मुलगी अर्ज घेऊन दारात आली. ओळख ना पाळख. नवरा तिच्यादेखतच म्हणाला, ही बुडवणार नाही कशावरून? मी चष्मा शोधला आणि सही केली. मग त्याला म्हटलं, भरवसा असता तर जामीन कशाला लागला असता?